‘धिस’ म्हणजे नक्की कोण? निनावी फंक्शन, त्याचा मालक आणि ‘प्रायव्हेट’चं उघडं गुपित

तुम्ही एखाद्या पोस्टवर हार्टचं बटण दाबता. हार्ट लाल होतं, शेजारचा आकडा एकने वाढतो आणि तुम्ही पुढे स्क्रोल करता. एवढ्याशा कामासाठी त्या बटणामागे कोडचा एक छोटा तुकडा वाट बघत बसलेला असतो. बऱ्याचदा त्या तुकड्याला नावसुद्धा नसतं.

आता गंमत बघा. स्क्रीनवर पोस्ट एकच नसते, वीस असतात. प्रत्येकीला हार्ट आहे. मग या बिननावाच्या तुकड्याला कसं कळतं की आकडा नेमका कोणत्या पोस्टचा वाढवायचा आहे?

या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी प्रोग्रॅमिंग भाषा बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वाद घातले आहेत. आणि या उत्तरातूनच आणखी एक गोष्ट समोर येते, जी स्वतःची वेबसाइट चालवणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यायला हवी. कोडमध्ये ‘प्रायव्हेट’ लिहिलं म्हणजे ते कुलूपबंद झालं, असं नसतं. कसं ते समजून घेऊया. कोडिंग येत नसलं तरी चालेल.

आधी, निनावी फंक्शन म्हणजे काय?

फंक्शन म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली एक ठरावीक कृती. ‘बिलाची बेरीज कर’, ‘फोटो लहान कर’, ‘मेसेज पाठव’. नेहमीच्या फंक्शनला नाव असतं, कारण ते पुन्हा पुन्हा बोलवायचं असतं.

पण काही कामं एकदाच, एकाच जागी लागतात. ‘हे बटण दाबलं की एवढं कर’, ‘ही यादी या क्रमाने लाव’. त्यासाठी वेगळं नाव शोधत बसायचं कशाला? जिथे गरज आहे तिथेच कृती लिहून देतात. हेच निनावी फंक्शन. कल्पना जुनी आहे. गणितज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस मांडलं, तिथपर्यंत तिची मुळं जातात. म्हणून अशा फंक्शनला आजही ‘लॅम्डा’ म्हणतात.

यातलाच पुढचा प्रकार म्हणजे ‘क्लोजर’. हे निनावी फंक्शन जिथे जन्मतं, तिथल्या काही गोष्टी सोबत बांधून घेतं. कामावर निघालेल्या माणसाने डबा बरोबर न्यावा तसं. १९६४ मध्ये पीटर लँडिन यांनी या कल्पनेला ‘क्लोजर’ हे नाव दिलं.

चिठ्ठीतलं ‘माझ्या’

समजा तुम्ही एक चिठ्ठी लिहिली, ‘माझ्या कपाटातलं पाकीट आण’, आणि ती सोसायटीतल्या एका मुलाच्या हातात दिली. चिठ्ठी वाचून मुलापुढे दोन प्रश्न उभे राहतात.

पहिला, ‘माझ्या’ म्हणजे कुणाच्या? चिठ्ठी कुणी लिहिली हे माहीत नसेल, तर कोणत्या फ्लॅटची बेल वाजवायची?

दुसरा, समजा फ्लॅट कळला. पण बाहेरचं पोर थेट आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडायला लागलं, तर घरातली आजी त्याला सोडेल का? दारापर्यंत जाणं वेगळं आणि कपाटाला हात लावायची मुभा असणं वेगळं.

कोडमध्येही हेच दोन प्रश्न आहेत, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत.

त्याआधी दोन शब्द. ‘क्लास’ म्हणजे आराखडा. ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे त्या आराखड्यावरून बनलेली प्रत्यक्ष वस्तू. ‘बँक खातं’ हा क्लास, तर तुमचं खातं आणि तुमच्या बहिणीचं खातं ही दोन ऑब्जेक्ट. ऑब्जेक्टबद्दल बोलताना कोडमध्ये ‘धिस’ हा शब्द वापरतात. त्याचा अर्थ ‘हे’, म्हणजे ‘सध्या ज्याचं काम चाललंय ते’. चिठ्ठीतलं ‘माझ्या’ म्हणजे हेच ‘धिस’.

निनावी फंक्शनला ‘तुझं धिस म्हणजे अमुक ऑब्जेक्ट’ असं सांगणं म्हणजे त्याला ऑब्जेक्टशी बांधणं, म्हणजेच बाइंडिंग. आणि ‘तू अमुक क्लासच्या घरचा आहेस असं समज’ असं सांगणं म्हणजे त्याला क्लासचा स्कोप देणं. पहिल्याने पत्ता मिळतो, दुसऱ्याने घरच्या माणसाचा हक्क मिळतो.

पीएचपीमध्ये हा वाद कसा रंगला?

हे दोन्ही प्रश्न सगळ्यात स्वच्छ दिसतात ते पीएचपी या भाषेत. नाव ऐकलं नसेल, पण वापर तुम्ही रोज करता. वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेलं आहे, आणि जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी साधारण चार वर्डप्रेसवर चालतात. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी सॉफ्टवेअरही पीएचपीतलं. २००४ मध्ये फेसबुक सुरू झालं, तेही याच भाषेत.

पीएचपीत खरी निनावी फंक्शन्स आली ती ५.३ आवृत्तीत, ३० जून २००९ रोजी. पण त्यात एक मोठी उणीव राहिली. क्लासच्या आत निनावी फंक्शन लिहिलं, तरी त्याच्यात ‘धिस’ चालत नव्हतं. आवृत्ती तयार होत असताना ही सोय ठेवलेली होती. पण ती नेमकी कशी वागावी यावर एकमत होईना, म्हणून प्रकाशनाआधी काढून टाकली.

मग प्रोग्रॅमर जुगाड करायचे. ‘धिस’ला दुसऱ्या नावाच्या डब्यात भरायचं, आणि तो डबा क्लोजरला द्यायचा. पत्ता मिळायचा, पण हक्क नाही. त्या ऑब्जेक्टमधल्या सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या गोष्टी वापरता यायच्या, खासगी गोष्टींना हात लावला की एरर. पोर दारापर्यंत पोचायचं आणि आजी त्याला तिथूनच परत पाठवायची.

१ मार्च २०१२ रोजी ५.४ आवृत्ती आली आणि गाठ सुटली. आता क्लासच्या आत लिहिलेल्या निनावी फंक्शनला ‘धिस’ आणि क्लासचा स्कोप दोन्ही आपोआप मिळू लागले. त्यासोबत ‘बाइंड’ आणि ‘बाइंडटू’ ही दोन साधनं आली. त्यांच्यामुळे बाहेर कुठेही जन्मलेल्या क्लोजरला नंतरही ऑब्जेक्ट आणि स्कोप देता येतो. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ ने ‘कॉल’ दिलं. ते क्लोजरला तात्पुरतं बांधून लगेच चालवतं.

तीन पायऱ्यांचा प्रयोग

प्रत्यक्षात काय होतं? कोडचे कीवर्ड बाजूला ठेवून साध्या मराठीत मांडूया.

‘खाते’ नावाचा एक क्लास आहे. त्यात ‘शिल्लक’ ही प्रायव्हेट गोष्ट आहे, किंमत ५०००. या क्लासवरून एक ऑब्जेक्ट बनवलं, त्याचं नाव ‘ताईचं खातं’. क्लासच्या पूर्ण बाहेर एक निनावी फंक्शन लिहिलं, ज्यात एकच ओळ आहे: ‘धिसची शिल्लक सांग.’

पायरी १: फंक्शन तसंच चालवलं. उत्तर, एरर. ऑब्जेक्ट नसताना ‘धिस’ वापरलं, अशी पीएचपीची तक्रार. चिठ्ठी आहे, पण ‘माझ्या’ म्हणजे कोण ते माहीत नाही.

पायरी २: ‘बाइंडटू’ला फक्त ‘ताईचं खातं’ दिलं आणि जे फंक्शन मिळालं ते चालवलं. पुन्हा एरर, पण वेगळी. या वेळी तक्रार अशी की प्रायव्हेट गोष्टीला बाहेरून हात लावता येणार नाही. पत्ता बरोबर होता, हक्क नव्हता.

पायरी ३: ‘बाइंडटू’ला दोन गोष्टी दिल्या. ऑब्जेक्ट म्हणून ‘ताईचं खातं’ आणि स्कोप म्हणून ‘खाते’ हा क्लास. उत्तर, ५०००. कुठलीही तक्रार नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीतल्या फरकात या लेखाचं सगळं सार आहे. अनेक नवे प्रोग्रॅमर दुसऱ्या पायरीवर अडकतात. ‘ऑब्जेक्ट तर दिलंय, मग एरर का?’ असं म्हणत डोकं खाजवत बसतात. कारण ऑब्जेक्ट आणि स्कोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक बारकावा. ‘बाइंडटू’ मूळ फंक्शनला बदलत नाही, त्याची नवी प्रत देतं. म्हणजे एकच चिठ्ठी झेरॉक्स काढून वेगवेगळ्या घरांसाठी वापरता येते. एका प्रतीत ‘धिस’ म्हणजे ताईचं खातं, दुसरीत दादाचं. मूळ चिठ्ठी होती तशीच.

आणि सगळ्यात चकवणारी गोष्ट अशी की पीएचपीत खासगीपणा ऑब्जेक्टचा नसून क्लासचा असतो. घरं वेगळी असली तरी आडनाव एक, असं समजा. ‘खाते’ हे आडनाव मिळालं की ताईचंच काय, दादाच्या खात्यातलं प्रायव्हेटही वाचता येतं, फक्त तो ऑब्जेक्ट हातात असला पाहिजे. म्हणून स्कोप देणं ही ऑब्जेक्ट देण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे.

मग ‘प्रायव्हेट’ला अर्थ काय उरला?

इथे कुणाच्याही मनात येईल, ही तर पळवाट झाली! बाहेरचं कुणीही क्लासचं आडनाव लावून आत शिरणार असेल, तर प्रायव्हेट लिहायचंच कशाला?

उत्तर असं की प्रायव्हेट हे चोरांसाठी लावलेलं कुलूप नाही. ती प्रोग्रॅमर मंडळींनी एकमेकांना दिलेली सूचना आहे: ‘हा भाग आतला आहे, उद्या आम्ही तो बदलू शकतो, यावर अवलंबून राहू नका.’ दारावरच्या ‘कामाशिवाय आत येऊ नये’ या पाटीसारखी. चुकून आत येणारा पाटी बघून थांबतो. मुद्दाम येणाऱ्याला पाटी अडवत नाही.

आणि मुद्दाम आत जाणारे फक्त खोडसाळ लोक नसतात. पीएचपीच्या बहुतेक आधुनिक प्रोजेक्टमध्ये ‘कंपोझर’ नावाचं साधन असतं. बाहेरचा तयार कोड आणून जोडणं हे त्याचं काम. कोणता क्लास कोणत्या फाइलमध्ये आहे, याची यादी ते तयार करून ठेवतं. ही यादी ‘क्लासलोडर’ नावाच्या क्लासच्या प्रायव्हेट भागात पोचवायची असते. एकेक नोंद रीतसर दारातून आत नेली तर वेळ जातो. म्हणून कंपोझर स्वतःच एक निनावी फंक्शन बनवतं, त्याला ‘क्लासलोडर’चा स्कोप देतं आणि सगळी यादी एका झटक्यात आत ठेवतं. ऑब्जेक्टच्या जागी ‘काही नाही’, फक्त स्कोप. म्हणजे ज्याला आपण पळवाट म्हणतोय, ती असंख्य वेबसाइटवर वेग वाचवण्यासाठी रोज वापरली जातेय, तीही घरच्याच मंडळींकडून.

लोकप्रिय ‘लाराव्हेल’ फ्रेमवर्कमध्येही याचा सरळ उपयोग आहे. तिथे ‘मॅक्रो’ नावाची सोय आहे. आधीच लिहिलेल्या क्लासला हात न लावता त्यात नवी कृती जोडता येते. तुम्ही निनावी फंक्शन देता, लाराव्हेल ते त्या ऑब्जेक्टशी आणि क्लासशी बांधतं. मग तुमच्या फंक्शनमधलं ‘धिस’ म्हणजे तो ऑब्जेक्टच. जणू ती कृती पहिल्यापासून त्याच क्लासमध्ये लिहिलेली होती.

पीएचपीने एक मर्यादा मात्र ठेवली आहे. भाषेत मुळातच असलेल्या क्लासचं, उदाहरणार्थ तारीख-वेळ सांभाळणाऱ्या क्लासचं, आडनाव असं लावता येत नाही. तिथे ‘बाइंडटू’ नकार देतं.

जावास्क्रिप्टची तऱ्हाच वेगळी

आता पुन्हा हार्टच्या बटणाकडे येऊया. ब्राउझरमधलं बटण जावास्क्रिप्टवर चालतं. ही भाषा ब्रेंडन आईक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत बनवली होती.

जावास्क्रिप्टमधल्या साध्या फंक्शनचं ‘धिस’ ते कुठे लिहिलं यावर ठरत नाही, ते कसं बोलावलं यावर ठरतं. चिठ्ठी कुणी लिहिली ते महत्त्वाचं नाही, या क्षणी ती कोण वाचून दाखवतंय त्याचं घर! म्हणजे ‘पोस्ट’ या ऑब्जेक्टमधली ‘लाइक वाढव’ ही कृती तुम्ही काढून बटणाला दिलीत, तर बटण दाबल्यावर ‘धिस’ म्हणजे पोस्ट राहत नाही, ते बटण होतं. आणि बटणाकडे लाइकचा आकडा कुठून असणार? आकडा वाढतच नाही. काही वेळा ‘धिस’ चक्क रिकामं असतं आणि पान तिथेच अडकतं.

यावर उपाय म्हणून २००९ मध्ये भाषेच्या पाचव्या प्रमाण आवृत्तीत ‘बाइंड’ आलं. फंक्शन एकदा पोस्टशी बांधलं की नंतर कुणीही बोलावलं, तरी ‘धिस’ म्हणजे पोस्टच. फेसबुकने बनवलेल्या रिअ‍ॅक्टमध्ये काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक बटणासाठी ही बांधणीची ओळ लिहावी लागायची. ती विसरली की बटण मुकं. २०१५ मध्ये ‘अ‍ॅरो फंक्शन’ आली. त्यांना स्वतःचं ‘धिस’ नसतंच, जिथे लिहिली तिथलं ते उचलतात. त्यामुळे ही डोकेदुखी बरीच कमी झाली.

पीएचपी आणि जावास्क्रिप्टमधला खरा फरक पुढे आहे. जावास्क्रिप्टचं ‘बाइंड’ फक्त पत्ता देतं, हक्क देत नाही. २०२२ च्या प्रमाण आवृत्तीपासून जावास्क्रिप्टच्या क्लासमध्ये खरेखुरे प्रायव्हेट भाग लिहिता येतात. ते वापरणारा कोड त्या क्लासच्या कंसांच्या आतच लिहिलेला असावा लागतो. बाहेरच्या फंक्शनला कितीही बांधा, आत प्रवेश नाही. आडनाव बदलून मिळत नाही, जन्म त्या घरातलाच हवा.

तिकडे पायथॉनने आणखी निराळा मार्ग धरला. तिथे ‘हे आतलं आहे’ असं सांगायला नावाआधी अंडरस्कोअर लावतात, बस्स. बाकी सगळा विश्वासाचा मामला.

एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरं आहेत. म्हणून एका भाषेतली सवय दुसरीत तशीच नेली की गडबड होते.

बांधल्याची किंमत

बाइंडिंग सोयीचं असलं तरी फुकट नाही. पीएचपीत क्लासच्या आत लिहिलेलं निनावी फंक्शन त्याच्या ऑब्जेक्टला घट्ट धरून ठेवतं, मग फंक्शनला त्याची गरज असो वा नसो. जोवर फंक्शन जिवंत, तोवर ऑब्जेक्टची मेमरी मोकळी होत नाही.

साध्या वेबसाइटवर याने फरक पडत नाही, कारण पान तयार झालं की सगळंच पुसलं जातं. पण हजारो मेल पाठवणारी किंवा व्हिडिओवर प्रक्रिया करणारी कामं मागे तासन् तास चालू असतात. तिथे अशी धरून ठेवलेली ऑब्जेक्ट साचत जातात आणि मेमरी हळूहळू भरते. यासाठी फंक्शनच्या आधी ‘स्टॅटिक’ लिहायची सोय आहे. त्याचा अर्थ, ‘मला कुठल्याच ऑब्जेक्टशी बांधू नका.’ अशा फंक्शनला नंतर कुणी ऑब्जेक्ट द्यायचा प्रयत्न केला, तर पीएचपी ताकीद देतं आणि काम करत नाही.

नाव नसण्याचीही किंमत असते. वर्डप्रेसमध्ये एका प्लगिनने जोडलेली कृती दुसऱ्याला काढायची असेल, तर तिचं नाव सांगावं लागतं. ती निनावी असेल तर काढायची कशी? नाव घेऊन हाकच मारता येत नाही. म्हणून इतरांना बदलावीशी वाटेल अशा जागी साधं, नाव असलेलं फंक्शनच बरं.

तुमचा यात काय संबंध?

तुम्ही प्रोग्रॅमर नसाल, तरी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, क्लासेस, फोटोग्राफी, अशा कामांसाठी अनेक जण वर्डप्रेसवर साइट बनवतात. मग कुणीतरी ग्रुपवर एखादं ‘प्रीमियम प्लगिन फुकट’ अशी लिंक पाठवतं आणि आपण ते डाउनलोड करून बसवून टाकतो.

असं प्लगिन तुमच्या साइटच्या बाकी कोडसोबत एकाच घरात चालतं. बाकीच्या कोडने आपल्या गोष्टी ‘प्रायव्हेट’ म्हणून ठेवल्या असतील, पण वरच्या तिसऱ्या पायरीने त्या वाचता येतात, हे आपण पाहिलंच. खरं तर एवढीही मेहनत लागत नाही. वर्डप्रेसच्या डेटाबेसचा पासवर्ड सेटिंगच्या फाइलमध्ये असतो आणि साइटवर चालणारं कुठलंही प्लगिन तो थेट वाचू शकतं. तुमच्या ग्राहकांची नावं, फोन नंबर, पत्ते याच डेटाबेसमध्ये असतात.

म्हणून सुरक्षेचा खरा उंबरठा प्रायव्हेट या शब्दापाशी नाही. कोणता कोड आपल्या सर्व्हरवर येऊ द्यायचा, तिथे तो आहे. प्लगिन अधिकृत ठिकाणाहूनच घ्या, वापरात नसलेली काढून टाका आणि अपडेट टाळू नका. पाहुणा एकदा घरात आला की कपाटावरच्या पाटीचा काही उपयोग नसतो.

आणि तुम्ही कोडिंग शिकत असाल, तर पुढच्या वेळी निनावी फंक्शन एरर देईल तेव्हा घाबरू नका. त्या चिठ्ठीवाल्या मुलाचे दोन प्रश्न विचारा: याचं ‘धिस’ कोण आहे? आणि याला कोणत्या क्लासचा हक्क आहे? चूक बहुतेक वेळा या दोनपैकी एका उत्तरात सापडते.